तिसरा आठवडा

ग्वालेग्वाय नदीच्या अलीकडे, जुन्या रेल्वे-गोदामामागे
माझ्या बापाने सव्वीस वर्षं तणनाशकाची पिंपं उतरवली.
पिंपं फुटत, नळ्या सुटत. कुणी बघत नसे.
मक्याला काही होत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं,
आणि मक्याखेरीज गावात मोजण्यासारखं होतं काय?

आता त्या तुकड्यावर टिटव्या ओरडतात.
गवताचं पातं नाही.
शेजारचा गारेइस म्हणतो, बरंय, कापायचा त्रास नाही.

नोएमी याप्पुरा आली, पांढऱ्या व्हॅनमधून,
आणि तिने माती उकरली नेमकी तिथे
जिथे सर्वांत जास्त सांडलं होतं.
मी म्हटलं, बाई, इथे तर विषच विष.
म्हणूनच, ती म्हणाली.
सव्वीस वर्षं ताटात एकच पदार्थ पडत असेल
तर एव्हाना कुणीतरी तो खायला शिकलं असेल.

शिकलं होतं.
काचेच्या बशीत, दुधट थरावर,
त्याच्याभोवती पारदर्शक वर्तुळ पडलेलं,
चाटून पुसून स्वच्छ केल्यासारखं.
नाव नव्हतं त्याला. झाकणावर लिहिलं होतं, चौदा.

त्यांना आपली दया वगैरे येत नाही, नोएमी म्हणाली.
विषाच्या कड्यात नत्र असतो, तेवढा त्यांना हवा.
आधी क्लोरिन उचकटून बाजूला काढतात,
साबालो मासा खाताना आपण काटा काढतो तसा,
मग सावकाश कडं फोडतात.
फक्त एक करा. खत टाकू नका.
आयतं मिळालं तर काटे काढत कोण बसेल?

बाप दारात उभा राहून ऐकत होता.
हातातला माते निवून गेला होता.

मातीत चौदा नंबर मिसळला, ओल धरली, वाट पाहिली.
मग ती माती कुंड्यांत भरून ओट पेरले.
ओट उगवतात, हे काही खरं नव्हे.
पहिले पंधरा दिवस ते बियांतल्या शिदोरीवर जगतात,
हिरवेगार, खोटे.
तिसऱ्या आठवड्यात शिदोरी संपते,
उन्हातून स्वतःचं अन्न रांधायची पाळी येते,
आणि तेव्हाच कळतं मातीच्या पोटात काय आहे ते.

अठराव्या दिवशी टोकं पिवळी पडली.
विसाव्या दिवशी सगळ्या कुंड्या झोपल्या.

नोएमीने माती पुन्हा तपासली. कपाळाला आठ्या.
इथे युरिया कुठून आला?

मी गारेइसकडे बघितलं. गारेइसने आकाशाकडे.
बाप म्हणाला, मी टाकला. अर्धं पोतं. रात्री.
तू म्हणालीस, ते उपाशी राबतात.
माझं सांडलेलं काढतायत, आणि उपाशी.
मला झोप येईना.

कुणी हसलं नाही.
नोएमी त्याच्या शेजारी पायरीवर बसली,
पाण्याचा थर्मास पुढे ओढला आणि म्हणाली,
दोन अनाक्लेतो,
पुढचा हिवाळा त्यांना भुकेलं राहू दे.

एक हिवाळा म्हणजे काही फार नव्हे.
चौदा नंबर पुन्हा मिसळला.
बाप रोज कुंपणापर्यंत जायचा, हात मागे बांधून,
कुणाच्या घरात आजारी माणूस असावं तसा
हळू आवाजात बोलायचा.

यंदा बावीस दिवस झाले.
ओट उभे आहेत. एका कुंडीत थोडे वाकडे,
तिथे अजून काही उरलं असेल, नोएमी म्हणाली,
मला एवढ्यात नाचू देऊ नका.

मग त्यांचं काय होणार, बापाने विचारलं.
विष संपलं की?
बरेचसे मरतील. उरतील ते विसरतील.
ज्याचा उपयोग नाही ती विद्या ते फार दिवस बाळगत नाहीत.

विसरतात?
तो बराच वेळ वाकड्या ओटांपाशी ओणवा होता.
एका पात्याच्या टोकाला त्याने बोट लावलं, हिरव्या,
आणि उठून नळावर गेला,
हात धुतले कोपरापर्यंत,
तीन वेळा, साबण लावून,
पिंपं उतरवून आल्यावर धुवायचा तसे.